'जोडणे' : नानांनी माणसं जोडली म्हणजे नेमकं काय केलं?

गिरणाकाठ

गेल्या महिन्यात आमचे नाना गेले. गाव भडगाव तालुक्यात, घर नदीपासून हाकेच्या अंतरावर. गंधमुक्तीला मंडपात बरीच माणसं बोलली. शेवटी गावातले एक म्हातारे काठी टेकत उठले, अहिराणीत दोन वाक्यं बोलले आणि खाली बसले. मराठीत लिहितो : "या माणसाने जमीन जोडली नाही, पैसा जोडला नाही. याने माणसं जोडली."

त्यांच्यानंतर कोणी बोललंच नाही.

तेव्हापासून हा शब्द माझ्या डोक्यात फिरतोय. दोन वाक्यांत तीनदा 'जोडणे' आलं. फळीला फळी जोडतात, अर्जाला दाखला जोडतात, हात जोडतात, हे कळतं. पण जमीन कशाला जोडायची? पैसा कशाला जोडायचा? तिथे 'कशाला' हा प्रश्नच बसत नाही. आणि माणसं जोडली म्हणजे एकमेकांना जोडली, की स्वतःला जोडली? मी नोकरीनिमित्त पुण्यात असतो. इथल्या मित्रांना विचारलं, तर ते म्हणाले, "जमीन जोडली असं आम्ही म्हणत नाही, घेतली म्हणतो."

या मंचावर जुने शब्द जाणणारी मंडळी आहेत. हा शब्द कुठून आला, आणि नानांबद्दल जे बोललं गेलं त्यातला 'जोडणे' कोणता, हे कोणी सांगाल का?

पाटीपेन्सिल

गिरणाकाठ, नानांना माझा नमस्कार. मी अमळनेरला पस्तीस वर्षं मराठी शिकवलं. त्या बाबांनी शब्द अगदी जुन्या वजनाने वापरलाय.

जोडणे याचा एक अर्थ 'मिळवणे, कमावणे' असा आहे, आणि तो सांधण्याच्या अर्थाइतकाच मुरलेला आहे. मोल्सवर्थच्या मराठी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची. तिच्यात दोन्ही अर्थ दिलेत. तुकोबांचा अभंग आपण सगळ्यांनी ऐकलाय : "जोडोनिया धन उत्तम वेव्हारें । उदास विचारें वेच करी ॥" इथे धन कशाला चिकटवायचं नाही. चांगल्या व्यवहाराने ते कमवायचं आणि मोकळ्या मनाने खर्चायचं. त्याच्याही तीनशे वर्षं आधी ज्ञानेश्वरीत 'जोडे' हे 'लाभे, हाती येई' अशा अर्थाने येतं. तेव्हा ते क्रियापद अकर्मकही चालायचं. 'सुख जोडे' म्हणजे सुख मिळे. 'जोड' हे नामही त्याच अर्थाने होतं, आयुष्याची जोड म्हणजे आयुष्याची कमाई.

हा अर्थ बोलण्यातून मागे सरकला, पण तीन-चार जागी घट्ट बसून राहिला. पुण्य जोडणे, नाव जोडणे, मित्र जोडणे आणि माणसं जोडणे. तुमच्या पुण्याच्या मित्रांना 'जमीन जोडली' खटकतं, पण 'पुण्य जोडलं' खटकणार नाही. क्रियापद तेच आहे.

म्हणून त्या बाबांचं वाक्य मी असं वाचतो : याने जमीन कमावली नाही, पैसा कमावला नाही, माणसं कमावली. तिन्ही ठिकाणी एकच अर्थ, म्हणून वाक्य इतकं सरळ लागलं.

पांझरा

सर, नमस्कार. मी धुळ्याचा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. जोडणे हे संस्कृत 'युज्' वरून आलं ना? योग, युक्त, योजना यांचाच भाऊ. बऱ्याच ठिकाणी तसं वाचलंय.

पाटीपेन्सिल

नात्यातलं आहे, पण सख्खा भाऊ म्हणायला जीभ रेटत नाही. 'य' चा 'ज' होतो हे अगदी बरोबर. यात्रा-जत्रा, योगी-जोगी, यव-जव, यंत्र-जातं. (दळायचं जातं हे मूळचं यंत्र. आईच्या हातात रोज यंत्र होतं, हे मुलांना सांगितलं की त्यांचे डोळे चमकायचे.) अडतं ते शेवटच्या अक्षरापाशी. युज् मधल्या 'ज' चा 'ड' होण्याची वाट आपल्या भाषेत नाही.

आता खेळ बघ. मी फळ्यावर हा लिहायचो आणि पुढचं मुलांना शोधायला लावायचो.

तुटणे, तोडणे.
फुटणे, फोडणे.
सुटणे, सोडणे.

पहिलं आपोआप होतं, दुसरं कोणीतरी करतं. पहिल्यात उ आणि ट, दुसऱ्यात ओ आणि ड. फिटणे-फेडणे, फाटणे-फाडणे हेही त्याच घरातले. आता सांग, जोडणे हे दुसऱ्या बाजूला ठेवलं तर पहिल्या बाजूला काय येईल?

पांझरा

जुटणे!

सर, 'एकजूट' मधला जूट??

पाटीपेन्सिल

शाब्बास. तोच. जुटणे हे क्रियापद मराठीत आता क्वचित भेटतं, कोणी कामाला जुटलं, दोन पैलवान एकमेकांशी जुटले, एवढंच. हिंदीत मात्र ते ठणठणीत आहे. आपण त्याची मुद्दाम आठवण ठेवली ती एकजुटीत.

तुटणे-तोडणे यांच्या मागे संस्कृतात त्रुट् धातू आहे. त्रुट्यति वरून प्राकृतात तुट्टइ, मग तुटणे. प्रयोजक रूपावरून तोडणे. याच साच्यात जुटणे-जोडणे यांच्या मागे 'युट्' असं काहीतरी असायला हवं. पाणिनीय धातुपाठात 'यौटृ बन्धे' असा धातू आहे, बांधणे या अर्थाचा. 'जुड बन्धने' असाही आहे. मोठ्या ग्रंथांत हे धातू वापरलेले सहसा दिसत नाहीत. माझं मत असं, की लोक बोलत होते आणि पंडितांनी त्यांच्या बोलण्यातले हे धातू यादीत नोंदवून ठेवले. टर्नर यांनी भारतीय आर्य भाषांच्या तौलनिक कोशात जोडणे, जुटणे यांच्यासाठी युट् हेच मूळ धरलं आहे.

तर जोडणे आणि तोडणे यांचं यमक नुसतं कानाला गोड लागण्यापुरतं नाही. दोघांची घडण एकाच साच्यातली आहे.

केळीबाग

रावेर तालुक्यातून लिहितोय. बागेत पाणी सोडून बसलो होतो, धागा वाचत राह्यलो.

सर, युज् चा सख्खा वारस बैलाच्या मानेवर आहे. 'जू'. ते युग वरून आलं ना? आणि 'जुंपणे'?

आमच्याकडे आता ट्रॅक्टर आहे, पण वडिलांच्या वेळची एक बैलजोडी मला आठवते. वडील 'बैल जोड' असं कधी म्हणाले नाहीत, 'बैल जुंप' म्हणायचे. जोडी विकत आणायची, जुवाला जुंपायची. जुवाच्या दोन्ही टोकांना शिवळा म्हणजे खुंट्या, मानेखालून जोतं म्हणजे पट्टा. जोतं बांधलं की जुंपणं झालं. गाडी 'जोडणे' मात्र ऐकलंय, गाडी जोडून ठेव म्हणजे बैलांसकट तयार ठेव. जुंपणे आणि जोडणे यात फरक काय, हे मी इतकी वर्षं कधी मनात घोळवलं नव्हतं. आज वाटतं, जुंपणे म्हटलं की काम आलंच, मान अडकली. जोडणे म्हटलं की काम असेलच असं नाही. सासूने सुनेला कामाला जुंपलं म्हणतात, जोडलं कोणी म्हणत नाही. दोघांची जुंपली म्हणजे भांडण.

पाटीपेन्सिल

केळीबाग, तुम्ही बोट बरोबर जागेवर ठेवलंत. जू हे युग वरून, जोतं हे योक्त्र वरून. आणि जुंपण्याची साक्ष तर पाटणच्या हेमचंद्राने बाराव्या शतकातच लिहून ठेवलीय. त्याच्या प्राकृत व्याकरणात सांगितलंय की युज् ऐवजी प्राकृतात जुंज, जुज्ज आणि जुप्प ही रूपं चालतात. त्या जुप्पला नाकातला आवाज दिला की तुमच्या वडिलांचं जुंपणे.

जुळं, जुळे भाऊ हेही त्याच वाड्यातले : युगल, प्राकृतात जुअल, मग जुळं. लग्न जुळतं, सूर जुळतात, हिशेब जुळतो. जुळणे यात दोन गोष्टी मुळातच एकमेकींना साजेशा असाव्या लागतात. जोडण्याला तशी अट नाही. परीक्षेत 'जोड्या जुळवा' असं विचारतो तेव्हा दोन्ही शब्द शेजारी येतात आणि आपलं आपलं काम करतात.

लोकोशेड

भुसावळ. वडील यार्डात होते, मीही रेल्वेतूनच निवृत्त झालो. माझा मुद्दा शब्दकोशातला नाही, फलाटावरचा आहे.

आमच्या स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर 'भुसावळ जंक्शन' लिहिलंय. हे जंक्शन लॅटिनमधल्या जोडणे या अर्थाच्या धातूवरून आलेलं, आणि तो लॅटिन धातू आपल्या युज् चा दूरचा भाऊबंद. नोकरीत जॉइन झालो म्हणतो ते जॉइनही त्यातलंच. म्हणजे पाटीवरचं जंक्शन, केळीबाग यांच्या बैलावरचं जू आणि सकाळी चौकात शिकवतात तो योग, तिघं एका आजोबांची नातवंडं. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी त्या पाटीखाली उभा होतो आणि माझी गाडी यायला वेळ होता. पुन्हा पुन्हा वर बघत राहिलो.

याला जोडून दुसरी गोष्ट. भुसावळहून एक मार्ग नागपूरकडे जातो, एक खंडवा-इटारसीकडे. इंग्रजीने त्या जागेला जोडण्याची जागा म्हटलं. मराठी माणूस अशाच जागेला काय म्हणतो? फाटा. फाटणे वरून. रस्त्यावर उभा असलेला माणूस म्हणतो, इथे रस्ता फाटतो. दोन्ही बरोबर आहेत. कुठून येतोय त्यावर आहे.

यार्डात आम्ही 'जोडणे' फार म्हणत नसू. डबा 'लावला', डबा 'काटला', इंजिन 'लागलं'. कागदावर जोडला आणि तोंडी लावला.

पाटीपेन्सिल

लोकोशेड, 'इंजिन लागलं' हे छान सांगितलंत. लागणे हे लग् धातूवरून, आणि त्याच धातूचं रूप म्हणजे लग्न. लग्न या शब्दाचा मूळ अर्थ चिकटलेलं, जोडलेलं. महाविद्यालय विद्यापीठाशी संलग्न असतं ते याच अर्थाने. आपण 'लग्न लागलं' म्हणतो तेव्हा एकच धातू दोनदा उच्चारतो. मग लग्नानंतर ते जोडपं होतं, बाईच्या पायात जोडवी येतात.

सोनसाखळी

जळगाव. आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या सोनारकामातलं. आता दुकान भाऊ बघतो, पण लहानपणी बाबांच्या शेजारी बसून मी बरंच पाहिलंय. वरच्या बोलण्यात एक शब्द राहतोय असं वाटलं म्हणून लिहिते.

बाबा तीन शब्द वेगवेगळे वापरायचे. तुटलेली साखळी आली की ती 'सांधायची'. दोन सुटे भाग घेऊन नवीन वस्तू करायची असेल तर ते भाग 'जोडायचे'. आणि ते ज्या रीतीने करायचं ते 'झाळणे', म्हणजे कमी उष्णतेला वितळणारा मिश्रधातू, झाळ, सांध्यावर ठेवून फुंकणीने ज्योत मारायची. झाळ आधी वितळते, फटीत शिरते, आणि मूळ सोनं तसंच राहतं. त्यात कौशल्य हे, की सोनं वितळायच्या आत हात थांबला पाहिजे.

मला सांधणे हा जोडण्याहून हळवा शब्द वाटतो. सांधण्याआधी काहीतरी तुटलेलं असतं. संधी, सांधा, सांधणे सगळे एका घरचे. हाड सांधतं. आम्ही हाड 'जोडलं' म्हणतो ते डॉक्टरने केलेलं, आणि 'सांधलं' म्हणतो ते हाडाने स्वतः केलेलं.

म्हणून गिरणाकाठ दादा, तुमच्या नानांनी भांडलेल्या माणसांना परत एकत्र आणलं असतं, तर त्या बाबांनी 'माणसं सांधली' असं काही म्हटलं असतं का? तसं कोणी म्हणत नाही, माहीत आहे. पण 'माणसं जोडली' म्हणताना आधी काही तुटलेलं होतं असं माझ्या मनात येत नाही.

पांझरा

ताई, झाळणे हा शब्द मला माहीतच नव्हता. आम्ही सर्किट बोर्डवर रोज तेच करतो आणि सोल्डरिंग म्हणतो. उद्यापासून लॅबमध्ये झाळणे म्हणणार.

सर, एक शंका. हल्ली बॅनरवर 'आमच्याशी जुडा', 'जुडून राहा' असं लिहितात. हे चूक ना?

पाटीपेन्सिल

'जुडा' हे हिंदी जुड़ना वरून आत्ता उचललेलं आहे, आणि मला ते वाचवत नाही. मराठीत सामील व्हा, सोबत या, संपर्कात राहा, हवं ते म्हणता येतं. पण 'जुड' हे अंग मराठीला परकं आहे असं मात्र म्हणू नकोस. मेथीची जुडी. किल्ल्यांचा जुडगा. बाजारात रोज जुडी घेतो आपण, ती बांधलेली असते म्हणूनच जुडी. धातुपाठातला 'जुड बन्धने' बाजारात जाऊन बघायचा असेल तर भाजीवाल्या मावशींकडे बघ. नामं राहिली, क्रियापद आपल्याकडून सुटलं आणि हिंदीने सांभाळलं.

केळीबाग

आमचे मामा बऱ्हाणपूरचे, शाळा हिंदीत. ते बेरजेला 'जोड' म्हणतात. लहानपणी सुट्टीत त्यांच्या घरी गेलो की मामेभाऊ पाटीवर 'जोड' करायचा आणि मी बेरीज. उत्तर एकच यायचं. बेरीज हा फारसीतून आलेला शब्द म्हणतात. आपल्याकडे हिशेबात तो बसला, म्हणून जोडण्याला ते काम मिळालं नाही.

तोरणमाळ

नंदुरबार. उशिरा आले, पण अहिराणीचा विषय निघाला नाही म्हणून राहवलं नाही. त्या बाबांनी वाक्य अहिराणीत म्हटलं होतं ना?

अहिराणीत 'जोडे' म्हणजे जवळ, पाशी. 'मन्हा जोडे बस', माझ्याजवळ बस. 'तुन्हा जोडे काय शे?', तुझ्याजवळ काय आहे? आमच्या घरी दिवसातून पन्नास वेळा हा शब्द ऐकू यायचा. लहानपणी आई भाकरी टाकत असायची आणि आम्ही भावंडं 'मायजोडे' बसायला भांडायचो. मी शाळेत गेले, तेव्हा बाईंनी सांगितलं 'जोडे' म्हणजे पायातले. मला इतकं वाईट वाटलं होतं.

नवापूरच्या पलीकडे गुजरातीतही तेच आहे. 'मारी जोडे आव', माझ्याबरोबर ये. तिकडे 'बरोबर', आपल्याकडे 'जवळ'. ग्रियर्सनने भाषांच्या सर्वेक्षणात खानदेशी १९०७ च्या खंडात भिली भाषांसोबत ठेवली होती. त्या वर्गीकरणावर अजून वाद होतात, मला त्यात पडायचं नाही. पण गुजराती आणि अहिराणी या बाबतीत एका सुरात बोलतात हे कानाला कळतं. प्रमाण मराठीतही 'जोडीला' आहेच की. भरताच्या जोडीला कळण्याची भाकरी.

हे सांगायचं कारण असं. ज्याला 'जोडे' म्हणजे जवळ हे आईच्या मांडीवर कळलंय, त्याने 'माणसं जोडली' म्हटलं की त्याच्या कानात 'जवळ आणली' हेही वाजतं. सरांचं कमावणे मला मान्य आहे. पण अहिराणी माणसाला त्यात जवळ बसवलेलं दिसतं.

पाटीपेन्सिल

तोरणमाळ, मी पस्तीस वर्षं अहिराणी बोलणारी मुलं शिकवली आणि 'जोडे' कडे या बाजूने कधी पाहिलं नाही. तुमच्या बाईंच्या जागी मीही तेच सांगितलं असतं कदाचित. आज ते मनाला लागलं.

तुमच्यामुळे एक गाठ सुटली. सांधण्यापासून कमावण्यापर्यंत अर्थ कसा गेला, हे मला नीट मांडता येत नव्हतं. मध्ये 'जवळ येणे' हा टप्पा घातला की वाट सरळ दिसते. जे माझ्याजवळ आलं, ते मला मिळालं. 'माझ्याजवळ पैसे आहेत' असंच तर म्हणतो आपण.

आणि असं जोडणे एकट्याचंच झालेलं नाही. 'मिळणे' बघा. नद्या मिळतात, चांगदेवला पूर्णा तापीला मिळते. तिथे मिळणे म्हणजे एकत्र येणे. आणि पगार मिळतो, तिथे मिळणे म्हणजे हाती येणे. मिळवणे यात तर दोन्ही आहे, पिठात पाणी मिळवतात आणि नावही मिळवतात.

संस्कृतातही हीच चाल आहे. विमा महामंडळाच्या बोधचिन्हाखाली 'योगक्षेमं वहाम्यहम्' लिहिलेलं सगळ्यांनी पाहिलंय. गीतेच्या नवव्या अध्यायातलं आहे. शंकराचार्यांनी त्यावर लिहिलंय, योग म्हणजे जे मिळालेलं नाही ते मिळणं, क्षेम म्हणजे मिळालेलं राखणं. बघा, योग म्हणजे मिळणं! जुवाच्या घरातला शब्द, आणि अर्थ कमाईचा.

तीन वेगळे धातू, युज्, मिल् आणि आपला जोडणे. तिघंही एकत्र येण्यापासून निघाले आणि मिळण्याशी येऊन थांबले. म्हणून गिरणाकाठ, 'एकमेकांना जोडली की स्वतःला' हा तुमचा प्रश्न मला आता वेगळा दिसतो. माणूस कमवायचा तर तो जवळ यावा लागतो, आणि दोघं जवळ आले की कोण कोणाला जोडलं हे वेगळं काढता येत नाही.

लोकोशेड

सर, क्षेम विसरू नका. जोडलेलं राखणंही आलं. यार्डात कपलिंग लावणारा माणूस पुढे जाताना एकदा हाताने ओढून बघायचा. वडील म्हणायचे, लावलं की झालं असं नसतं.

सोनसाखळी

'हात जोडणे' यावर कोणीच लिहिलं नाही. हात जोडतो म्हणजे नमस्कार करतो, आणि 'त्या माणसाला मी हात जोडले' म्हणजे त्याच्याशी संबंध संपवला. एकाच कृतीने जोडणं आणि सोडणं. मला वाटतं दोन्ही हात एकमेकांना जोडले की समोरच्याला द्यायला मोकळा हात उरत नाही, म्हणून तसा अर्थ आला असेल. हे माझं आपलं मनाचं आहे.

पाटीपेन्सिल

मनाचं असलं तरी पटण्याजोगं आहे. (आणि हे जोगं म्हणजे योग्य, तोही युज् चाच.)

गिरणाकाठ

सगळ्यांचं दोनदा वाचलं. काल रात्री आत्याला फोन केला, ती कजगावला असते. तिला हा सगळा धागा वाचून दाखवला. सरांचं तुकोबा ऐकून ती खूश झाली, तोरणमाळ ताईंचं 'मायजोडे' ऐकून मात्र थोडा वेळ काही बोललीच नाही.

मग तिने मला विचारलं, "ते बोलले ते बाबा कोण, तुला माहीत आहे का?" मला माहीत नव्हतं. मंडपात पाहिले तेवढेच.

नानांकडे सुरुवातीला एकच बैल होता. दुसरा घ्यायला पैसे नव्हते. त्या बाबांकडेही एकच. दोघांनी सावड केली. एक दिवस नानांच्या रानात, एक दिवस त्यांच्या रानात, दोघांचे बैल एका जुवाखाली. आत्या म्हणाली, सात-आठ वर्षं तरी असं चाललं. पुढे दोघांनी आपापला दुसरा बैल घेतला, तरी पेरणीला ती जुनी जोडीच जुंपायचे, कारण त्या बैलांना एकमेकांची सवय होती. शेतावरून दोघांत कधी वाद झाला का, असं मी विचारलं. आत्या म्हणाली, एकदा झाला होता, पाण्याच्या पाळीवरून. चार दिवस बोलत नव्हते. पाचव्या दिवशी बाबा पहाटे आपला बैल घेऊन आले आणि काही न बोलता तो जुवाजवळ उभा केला.

'जमीन जोडली नाही' हेही खरं होतं. नानांची पाच एकर होती, तेवढीच राहिली.

केळीबाग

दादा, एक विचारू? सावडीतल्या बैलांची बाजू ठरलेली असते, डावा बैल उजवीकडे चालत नाही. नानांचा कोणत्या बाजूचा होता?

गिरणाकाठ

आत्याला आत्ता विचारून आलो. नानांचा डावीचा, बाबांचा उजवीचा.

पुढच्या आठवड्यात गावी जातोय. त्यांच्याकडे जाऊन बसणार आहे.

तोरणमाळ

त्यास्ना जोडे बस, दादा.